तळवे

पुस्तकात पुरळ लाल असते,
कारण पुस्तकातलं मूल गोरं असतं,
पांढऱ्या चादरीवर, चांगल्या उजेडात,
आणि रडत नसतं.

आमच्याकडे एकच ट्यूबलाइट.
व्होल्टेज पडलं की ती जांभळी होते
आणि सगळ्या लेकरांचा रंग एकच.

जानेवारी. मुकुटबनच्या पलीकडे,
कापसाच्या शेवटच्या वेच्याचे दिवस.
आठ वाजता दोघं भाऊ,
खाजकुयरीच्या शेंगा एकमेकांच्या सदऱ्यात टाकलेले.
हसत, रडत, खाजवत.
आजोबांनी आधी शेणाने चोळलं होतं.
मी रागवणार होते,
पण निम्मी खाज उतरलीच होती.

नऊला बिब्बा. पोटावर रुपयाएवढा फोड.
"पोट दुखे म्हून लावला," आत्या म्हणाली,
आणि फोडाकडे असं पाहिलं
जसं त्यानेच तिला फसवलं.

दहाला अंगभर गांधी उठलेलं एक बाळ.
मी सिरिंज भरेपर्यंत अर्ध्या मावळल्या.
कातडीचं बरं असतं, मी म्हणाले,
आतलं सगळं बाहेर येऊन सांगते.
सिस्टर निमजे काही बोलल्या नाहीत.
त्यांना इथे बावीस वर्षं झाली आहेत.

सव्वाअकराला लावण्या टेकाम.
वय चार, वजन अकरा किलो, ताप एकशे चार.
"कालची तपून ऱ्हायली. पानीबी नाई घेत."
घसा पाहिला. कान पाहिले. छाती ऐकली.
पाठ पाहिली, पोट पाहिलं,
सावळ्या, कोरड्या, गरम अंगावर
मला काही दिसलं नाही.
केसपेपरवर मी लिहिलं : पुरळ नाही.
हे मीच लिहिलं, माझ्या अक्षरात.

जंगूबाईला मात्र लाज वाटत होती.
लेकीचे पाय टेबलाच्या पांढऱ्या कापडावर,
घोट्यापर्यंत काळी माती.
"वावरातूनच उचलून आनली, मॅडम,"
असं म्हणत तिने पदराचं टोक
पाण्याच्या बाटलीत बुडवलं
आणि तळवे पुसायला लागली,
देवघरातली भांडी पुसावीत तसे, टाचेपासून, बोटांच्या बेचक्यातून.

माती गेली.
ठिपके राहिले.

ती अजून जोराने घासू लागली.
"थांबा," मी म्हणाले. "थांबा, ती माती नाही."

काचेचा ग्लास हवा होता.
कवडूमामा टपरीवरून चहाचा घेऊन आले,
तळाशी साखर तशीच.
मी तो तळव्यावर दाबला,
आतून पाहिलं.
दाबल्यावर गेलं पाहिजे.
जाऊ दे, मी म्हणत होते, माझी सत्ता चालत असल्यासारखी.
काचेखाली तळवा पांढरा पडला
आणि ठिपके तसेच, जांभळे,
मोजता येतील इतके स्पष्ट.
मोजले नाहीत.

पुढचं सगळं हाताने केलं, डोक्याने नाही.
शीर सापडत नव्हती, निमजेंनी शोधली.
सेफ्ट्रियाक्झोन. सलाइन. १०८ ला फोन.
गाडी पांढरकवड्याहून निघाली, पन्नास मिनिटं.
पन्नास मिनिटांत एक ठिपका
चवलीएवढा झालेला मी पाहिला.
जंगूबाईने विचारलं, "मी जोरात घासलं म्हून झालं का?"
नाही, मी म्हणाले.
बाई, तुम्ही घासलं नसतं तर,
हे वाक्य मी पूर्ण केलं नाही.

केसपेपरवरचं "नाही" खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.

तेव्हापासून मी ताप असलेल्या प्रत्येक लेकराचे
पाय आधी धुते.
फरशी ओली होते म्हणून सफाईवाली बडबडते.
तिचंही बरोबर आहे.

मार्चमध्ये लावण्या आली.
डाव्या पायाची दोन बोटं यवतमाळला ठेवून,
नवी सँडल, एक सैल.
टेबलावर बसली, इकडेतिकडे पाहिलं,
माझा हात ओढून घेतला.
मनगटाजवळ डास चावला होता मला.
तिने त्यावर अंगठा दाबला,
बराच वेळ, ओठ मुडपून,
जसं तिच्यावर महिनाभर सगळ्यांनी केलं असेल,
मग उचलला, वाकून पाहिलं.

"गेलं," म्हणाली.